दहा सेकंदांचा उजेड

न्यायाधीशाच्या निकालावर अपील चालते. नाट्यस्पर्धेच्या परीक्षकाच्या निकालावर ते चालत नाही. गुणपत्रिकेवर एकदा सही झाली आणि लखोटा बंद झाला की विषय मिटला. गेल्या हिवाळ्यात सौंसरकडच्या एका महाविद्यालयीन नाट्यस्पर्धेत अशी एक गुणपत्रिका माझ्या हाती आली होती. १०० गुणांपैकी २० गुण तिच्यात ‘प्रकाश, ध्वनी व चित्रप्रक्षेपण’ या एका रकान्यासाठी राखून ठेवलेले होते. एका प्रयोगास त्या रकान्यात मी १७ गुण दिले, आणि तेवढ्याच्या बळावर तो प्रयोग पहिला आला. त्या १७ गुणांविरुद्ध माझे मलाच अपील दाखल करावयाचे आहे. त्यासाठी हा लेख.

कोकणातील व गोमंतकातील वाचकांस आमच्या मुलखाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. पांढुर्णा आणि सौंसर ही सातपुड्याच्या पायथ्याची, संत्र्यांच्या बागांची गावे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा या दोन्ही तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. न्यायालयात मी हिंदीत युक्तिवाद करतो, पक्षकाराशी ओसरीवर मराठीत बोलतो आणि रागावलो म्हणजे कोणत्या भाषेत बोलतो ते माझे मलाच कळत नाही. घरची मराठी वऱ्हाडीच्या कुळातली. तिच्यात डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि केळीची ‘केयी’. आमची बहुतेक मुले हिंदी माध्यमात शिकतात. चार माणसांपुढे उभे राहून, मोठ्या आवाजात, तासभर मराठी बोलण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात क्वचित येतो. स्नेहसंमेलनातले नाटक हा असा एक प्रसंग आहे. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच मराठी नाटक उभे करावयाचे, ही गोमंतकातील रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांस या प्रसंगाचे मोल सांगावयास नको.

विद्यार्थ्यांनी निवडले होते विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ने ते रंगभूमीवर आणले, अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन, सुलभा देशपांडे यांची बेणारे. मुलांनी तिसरा अंक घेऊन, आधीच्या दोन अंकांतला अवश्य तेवढा भाग त्याला जोडून, तासाभराचा प्रयोग बसविला होता. कथा बहुतेकांस ठाऊक असेल. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका खेड्यात आली आहे. रात्रीच्या प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून वेळ घालविण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला चालवावयाचा ठरते आणि आरोपी म्हणून शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंस उभे करतात. खेळता खेळता खोटा खटला खरा होतो. बाईंचे खाजगी आयुष्य उघडे पडते. ज्यांनी ते उघडे पाडले ते शेवटी कपडे झटकून रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात.

आमच्या मुलांनी या नाटकासाठी प्रोजेक्टर आणला होता, रंग बदलणारे एल. ई. डी. दिवे आणले होते, छताला ध्वनिक्षेपक टांगले होते. पडदा उघडताच मागच्या पांढऱ्या कापडावर एका भव्य न्यायालयाचे चित्र उमटले. उंच खांब, न्यायासन, वर राजमुद्रा. प्रेक्षागृहात टाळ्या झाल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. वीस वर्षे ज्या खोल्यांत मी काम केले तिथे पंखा लागला तर फायली उडतात; तेव्हा एवढे देखणे न्यायालय पाहून मला बरे वाटले, हे लपवीत नाही.

घरी आल्यावर मात्र ते चित्र सलू लागले. तेंडुलकरांच्या नाटकात न्यायालय नाही. एक सार्वजनिक सभागृह आहे, काही मोडक्या खुर्च्या आहेत, आणि त्याच खुर्च्या थोड्या हलवून मंडळी ‘कोर्ट’ मांडतात. भय जे वाटते ते यातूनच वाटते, की काहीही न बदलता सर्व काही बदलले. तीच खुर्ची, तोच काशीकर, आणि तरी आता तिथून उठता येत नाही. पहिल्याच क्षणी खरे न्यायालय दाखविले म्हणजे खेळ खरा होण्याची वाटच बंद होते. जे दुसऱ्या अंकाच्या शेवटी व्हावयाचे ते चित्राने पहिल्या मिनिटाला करून टाकले. आमच्या व्यवसायात ज्या गोष्टीविषयी साक्षीदाराने साक्ष दिलेली नाही ती वकिलाने आपल्या तोंडाने सांगू नये असा संकेत आहे. या प्रयोगात पडद्यावरचे चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच करीत होते.

दाराची गोष्ट तर मौजेची. या नाटकात दाराची कडी फार महत्त्वाची आहे. आरंभी बेणारेचे बोट त्या कडीत सापडते. ती नीट सरकविली नाही तर दार बाहेरून लागते हे तिथेच समजते. आणि पुढे जेव्हा ती जीव तोडून बाहेर जाऊ पाहते तेव्हा दार उघडत नाही. प्रेक्षक ती कडी विसरलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला ती आठवते. आमच्या प्रयोगात दार प्रोजेक्टरने दाखविले होते, आणि कडीचा आवाज ध्वनिक्षेपकातून येत होता, छतावरून. मुलीने धावत जाऊन दारावर मुठी आपटल्या तेव्हा कापड हलले. कापडाबरोबर दार हलले, खांब हलले, राजमुद्रेला लाटा आल्या. मागच्या रांगेतली पोरे हसली. त्यांना दोष देता येत नाही. सुताराकडून एक चौकट व एक फळी आणली असती तर त्या पोरांचे हसू घशात अडकले असते.

प्रोजेक्टरविषयी थोडे तांत्रिक बोलावे लागेल, कारण त्याचा परिणाम सौंदर्याच्या प्रश्नावर थेट होतो. वर्गात वापरतात तो प्रोजेक्टर साधारण ३००० ल्यूमेनचा असतो. त्याचे चित्र मोठ्या कापडावर ताणले की फिकट होते, आणि रंगमंचावर नटांसाठी दिवे लावले की त्यांचा उजेड कापडावर सांडून ते आणखी फिकट होते. कापडामागून चित्र टाकावे तर मागे पुष्कळ खोली लागते, ती आमच्या सभागृहात नाही. समोरून टाकावे तर नटाची सावली चित्रावर आणि चित्र नटाच्या कपाळावर. असल्या पेचात दिग्दर्शकापुढे एकच प्रश्न असतो: अंधारात कोणी राहावयाचे, चित्राने की माणसाने? त्या रात्री माणसे अंधारात ठेवली गेली. काशीकरचा चेहरा मी जवळजवळ पाहिलाच नाही. सुखात्मे झालेला मुलगा आवाजाने चांगला वाटला. त्याच्या डोळ्यांत काय चालले होते ते त्यालाच ठाऊक.

आता त्या दहा सेकंदांकडे येतो. खटला संपत आला असता आरोपीस आपले म्हणणे मांडण्यासाठी न्यायाधीश दहा सेकंद देतो. आरोपीस स्वतः बोलू द्यावे हे तत्त्व आमच्या कायद्यात जुने आहे: १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३४२, १९७३ च्या संहितेत ३१३, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५१. यावेळी आरोपीस शपथ देत नाहीत. त्याने फक्त बोलावयाचे आणि न्यायालयाने ऐकावयाचे. तेंडुलकरांनी या ठिकाणी लिहिले आहे की प्रकाश बदलतो, सारे न्यायालय आहे त्या स्थितीत गोठते, आणि बेणारे उठून बोलू लागते. ती पुष्कळ बोलते. मग प्रकाश पूर्ववत होतो, आणि न्यायाधीश जाहीर करतो की वेळ संपली, आरोपीस काही सांगावयाचे नाही.

म्हणजे ती बोलली की नाही? आपण ऐकले, म्हणून बोलली. त्यांनी ऐकले नाही, म्हणून बोलली नाही. या दोहोंमधली सारी जागा एका प्रकाशबदलाने व्यापलेली आहे. मराठी नाटकात प्रकाशाकडे याहून मोठे काम कोणी सोपविले असेल तर ते मी पाहिलेले नाही. ते काम करण्यासाठी महाग दिवा लागत नाही. एक लागतो बेणारेच्या चेहऱ्यावर, आणि एक मंद, त्या गोठलेल्या पुरुषांवर. कारण ते दिसले पाहिजेत. आपल्या समोर बसलेल्या, आणि तरीही काही न ऐकणाऱ्या, माणसांपुढे ती बोलत आहे, हे दृश्य डोळ्यांपुढून क्षणभरही हलता कामा नये.

त्या रात्री या जागी चित्रफीत सुरू झाली. रिकामा पाळणा, विझणारी समई, मग पूर आलेली नदी. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून बाकीचे दिवे घालविले, त्यामुळे न्यायालय नाहीसे झाले. बेणारे एकटी राहिली आणि तिचे भाषण एका दुःखी स्त्रीचे स्वगत झाले. प्रेक्षागृहात काही डोळे पाणावले, हे खरे. पाळण्याला पाहून पाणावले. हे चित्र कशाहीपुढे लावले असते तरी पाणावले असते.

पडद्यावर चित्र पाडणे हेच आपल्या संस्कृतीस परके, असा माझा आक्षेप असल्याचा कोणाचा समज होऊ नये. ते परके मुळीच नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत कापडामागे दिवा ठेवून चामड्याच्या बाहुल्यांच्या छाया नाचवीत आले आहेत, आणि चित्रकथीच्या पोथ्यांतून रामायण-महाभारत सांगत आले आहेत. त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ साली काचेवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या यंत्राने मोठ्या पडद्यावर दाखविली, त्यांसह निवेदन आणि गायन केले, आणि त्या खेळास ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर २१ वर्षांनी, १९१३ साली आला. परंतु पिंगुळीत काय किंवा कल्याणात काय, चित्र हेच पात्र होते. रावणाची आकृती म्हणजेच रावण. तिच्यापुढे दुसरा एक रावण अंधारात उभा राहून बोलत नव्हता. निवेदकाचा कंठ त्या चित्राला जीव देत होता. आमच्या मुलांनी चित्रही ठेवले आणि नटही ठेवला, आणि दोघांत तंटा लागला तेव्हा निकाल चित्राच्या बाजूने दिला.

बर्लिनमध्ये १९२० च्या दशकात एर्विन पिस्काटोर यांनी रंगमंचावर चित्रपटाचे तुकडे आणले, ते युद्ध, संप, बाजारभाव अशा, नटांच्या खोलीत न मावणाऱ्या गोष्टी दाखविण्यासाठी. कलकत्त्यात १९५९ साली उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत शिरणारे पाणी नुसत्या प्रकाशाने चढविले, आत अडकलेली माणसे त्या पाण्यात बुडत होती, म्हणून ते पाणी नाटकातले होते. आमच्या पडद्यावरच्या नदीत कोणीच बुडत नव्हते.

प्रकाश निवड करतो, हे देवळात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. काकड्याच्या वेळी पुजारी निरांजन चरणांपासून मुखापर्यंत नेतो तेव्हा गाभाऱ्यातला बाकीचा अंधारच त्या मुखाला समोर आणतो. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या किरणोत्सवात मावळत्या सूर्याचे किरण पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी वक्षापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. तीन दिवसांत एक मूर्ती. (किरणांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींचे अडथळे तिथेही निघालेच, पण तो विषय नगरपालिकांच्या कायद्याचा.) गाभाऱ्यात रंग बदलणारे दिवे लावण्याची हौस अलीकडे काही देवस्थानांत दिसते. तिच्याविषयी या मासिकात मी बोलू नये हे बरे.

ध्वनीची गोष्ट याहून गंभीर आहे. नको असलेल्या चित्राकडे पाहू नये इतके तरी माणसाच्या हाती असते. कानाला पापणी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या काठी गोटमारीचे ढोल ज्यांनी ऐकले आहेत त्यांस ठाऊक आहे की आवाज माणसाची परवानगी विचारीत नाही. शहाणी माणसेही त्या ढोलांनी दगडाला हात घालतात. अशा शक्तीची वस्तू वीस वर्षांच्या मुलांच्या हाती देताना थोडे भान द्यावयास हवे.

बेणारेचे ते दीर्घ भाषण आमच्या प्रयोगात ध्वनिमुद्रित होते. नागपुरात एका सरावलेल्या बाईंच्या आवाजात ते मुद्रित करून आणले होते, खाली संगीत घातले होते, थोडा प्रतिध्वनीही होता. मुलगी ओठ हलवीत होती. फार चोख हलवीत होती. माझ्या शेजारच्या परीक्षकांस ते कळलेही नाही. मला कळले ते ‘ळ’मुळे. इतका स्वच्छ ‘ळ’ आमच्या तहसिलीत कोणाच्या तोंडी नाही.

प्रयोगानंतर नाटक बसविणाऱ्या तरुण प्राध्यापकांस मी विचारले. ते सरळ मनुष्य. म्हणाले, “वकीलसाहेब, पोरीचा अभिनय चांगला आहे, पण उच्चार गावाकडचे. मधेच हिंदी येते. बाहेरचे परीक्षक हसले असते.” त्यांच्या भीतीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रमाण मराठीच्या दारात उभे राहून आपल्या बोलीला लाजणे हा आमच्याकडचा जुना रोग आहे, आणि परीक्षकांनी तो वाढविला आहे. तथापि ज्या एका तासासाठी त्या मुलीने तीन महिने मराठी वाक्ये घोकली, त्या तासातली सर्वांत मोठी दहा मिनिटे तिच्याकडून काढून घेतली गेली, आणि ती काढून घेण्याचे साधन त्या रकान्यात बसत होते ज्यात मी १७ गुण दिले. आरोपीस बोलू न देणाऱ्या न्यायालयाचे नाटक, आणि त्यात आरोपीचे काम करणाऱ्या मुलीलाच बोलू दिले नाही! हे माझ्या ध्यानात आले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

कलेच्या दृष्टीनेही हा तोटा दुहेरी होता. नाटकाच्या अगदी शेवटी, सगळे निघून गेल्यावर, बेणारेच्याच आवाजातले एक बालगीत कोठून तरी ऐकू येते, आणि सामंत तिच्यापुढे कापडी पोपट ठेवून जातो. तो आवाज मुद्रित असला पाहिजे. लेखकालाच तो रंगमंचावरच्या शरीरापासून सुटा हवा आहे. परंतु आधीची दहा मिनिटे तिचा आवाज जर छतावरूनच आलेला असेल, तर या आवाजाचे वेगळेपण ते काय उरले? श्रोत्याला वाटले, आणखी एक ध्वनिफीत. जिवंत कंठाची किंमत मुद्रित कंठाला अशी चुकवावी लागते. पोपट मात्र छान होता. सामंत झालेल्या मुलाने तो जमिनीवर ठेवला, क्षणभर त्याचे तोंड बाईंकडे वळविले, मग गेला. त्यावेळी प्रोजेक्टर बंद होता, म्हणून तो पोपट दिसला.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ पासून चालविलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर भर असतो आणि तांत्रिक थाटाला फारसा मान नाही. २०२२ साली तर तेथील परीक्षकांनी मुख्य करंडक कोणासच दिला नाही. मुले रागावली, वर्तमानपत्रांत वाद झाले. पुण्यातच फिरोदिया करंडक आहे. तिथे एकाच प्रयोगात नृत्य, गायन, चित्रकला असे सारे गुंफावयाचे असते आणि तिथे प्रकाश-चित्रांची कसरत हा खेळाचाच भाग ठरतो. दोन्ही स्पर्धांनी रंगभूमीला माणसे दिली आहेत, तेव्हा कोणती बरोबर असे मी विचारीत नाही. आपण कोणत्या खेळास कोणते नियम लावीत आहो एवढे मात्र परीक्षकाला ठाऊक हवे. आमच्या गुणपत्रिकेत २० गुणांचा रकाना होता, आणि ‘साधने किती होती’ एवढेच पाहून आम्ही तो भरला. साधनांनी नाटकात काय केले, हे विचारले असते तर माझ्या हिशेबी ६ गुण पडले असते: ४ त्या शेवटच्या पोपटावरच्या प्रकाशास, आणि २ आरंभीच्या पंधरा मिनिटांतल्या साध्या, पांढऱ्या, लबाडी न करणाऱ्या उजेडास. स्पर्धेचा निकाल मग वेगळा लागला असता. ज्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले त्यांनी एका ट्यूबलाईटखाली प्रयोग केला होता, आणि त्यांची मी मनात कीवही केली होती. त्यांची क्षमा मागावयाची ती जागा हीच.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. बक्षिसे वाटून झाल्यावर माझी गाडी यावयास उशीर होता, म्हणून मी पुन्हा सभागृहात जाऊन बसलो. मंडपवाल्याची माणसे तारा गुंडाळीत होती. दिवे सांभाळणारा मुलगा, ज्याचे वडील मोटारी वाइंडिंग करतात, स्टँडवरचा एक जुना ५०० वॅटचा दिवा डिमरला लावून उगाच कमी-जास्त करीत होता. तालमीत बाईंच्या भाषणासाठी त्याने तोच दिवा योजला होता, असे त्याने सांगितले. वीस आकडे मोजत उजेड वर न्यावयाचा, म्हणजे बदल झाला हे कोणाला कळू नये. पुढे प्रोजेक्टर आला आणि दिवा बाजूला पडला. बेणारे झालेली मुलगी पायऱ्यांवर बसून पाणी पीत होती. मी म्हटले, “भाषण पाठ आहे ना तुला?” ती म्हणाली, “पूर्न पाठ आहे, काका.”

मुलाने आकडे मोजले. मुलगी उभी राहून बोलू लागली. ‘ळ’ सर्वत्र ‘य’ होता, दोनदा हिंदी शब्द आला आणि एकदा ती अडखळली. काशीकर झालेला मुलगा विंगेत पाय सोडून मोबाइल पाहत होता. त्याने मान वर केली आणि तसाच बसून राहिला. त्याच्यावर उजेड पुरेसा पडत होता.

सहा-सात मिनिटे झाली असतील. मग मंडपवाल्याने तो दिवा मागितला. त्याला गाडी भरावयाची होती.